घरचा गार्ड की बाहेरचा? इंडियाना विद्यापीठाचा एक वाद आणि त्याची दीर्घ छाया

१/
३० मार्च १९८७. न्यू ऑर्लिन्स शहरातील सुपरडोम हे प्रचंड बंदिस्त क्रीडागार. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याचे अखेरचे क्षण उरले आहेत. सिरॅक्यूज विद्यापीठ ७३, इंडियाना विद्यापीठ ७२. चेंडू इंडियानाच्या हाती. साऱ्यांचे डोळे स्टीव्ह आल्फर्डवर खिळले आहेत. तो इंडियाना राज्यात जन्मलेला, तिथेच वाढलेला, संघाचा लाडका नेमबाज. परंतु शेवटचा फटका त्याच्या वाट्याला येत नाही. चेंडू जातो कीथ स्मार्टकडे. स्मार्ट लुइझियानाचा, कॅन्ससमधील एका द्विवर्षीय महाविद्यालयातून आलेला, वर्षभरापूर्वी या संघात नसलेला.

२/
पाच सेकंद उरली असताना डाव्या बाजूने स्मार्टने मारलेला तो फटका आजही त्या राज्यात 'द शॉट' एवढ्याच नावाने ओळखला जातो. मात्र त्यामागे एक जुना प्रश्न उभा होता: असा खेळाडू मुळात संघात घ्यावा काय? चार वर्षे घडवलेल्या मुलांच्या संघात, ऐन मोक्याच्या जागी, दोन वर्षांसाठी बाहेरचा गार्ड आणावा काय? मराठी सार्वजनिक जीवनात 'निष्ठावंत विरुद्ध आयात' हा वाद प्रत्येक निवडणुकीत रंगतो. अमेरिकी महाविद्यालयांत तोच वाद सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. हा धागा त्या वादाचा.

३/
प्रथम खेळाची थोडी ओळख. जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलची रचना केली. पुढे संघ पाच जणांचा झाला आणि त्यांत सामान्यतः दोन गार्ड असतात. गार्ड बहुधा उंचीने कमी, पण चेंडू सर्वाधिक काळ त्यांच्याच हाती. कोणाला केव्हा चेंडू द्यावा, वेग कधी वाढवावा आणि कधी रोखावा, हे तेच ठरवतात. म्हणून नवा सेंटर आला तर संघाची उंची वाढते. नवा गार्ड आला तर संघाची चालच बदलते. वाद गार्डाविषयी अधिक तीव्र होतो तो यासाठी.

४/
या प्रश्नाची मुळे बास्केटबॉलमध्ये नाहीत, फुटबॉलमध्ये आहेत. १८९६ साली फील्डिंग योस्ट नावाचा तरुण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होता आणि तेथील फुटबॉल संघातही खेळत होता. त्या वर्षी लाफायेत महाविद्यालयाचा सामना बलाढ्य पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी होता. योस्टने सामन्यापूर्वी लाफायेतमध्ये प्रवेश घेतला. लाफायेतने ६-४ असा विजय मिळवून पेनसिल्व्हेनियाची ३६ विजयांची मालिका खंडित केली. सामना संपताच योस्ट वेस्ट व्हर्जिनियाला परतला. त्याचे 'स्थलांतर' जेमतेम एका सामन्यापुरते होते.

५/
अशा खेळाडूंना त्या काळी 'भटके खेळाडू' म्हणत. विद्यार्थी कोण आणि भाडोत्री कोण, हे ओळखणे कठीण झाले होते. मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांच्या प्रमुखांनी १८९५ पासून एकत्र येऊन एक परिषद उभारली. तीच पुढे 'बिग टेन' म्हणून प्रसिद्धीस आली. १९०६ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स एंजेल यांच्या पुढाकाराने या परिषदेने कडक नियम केले. विद्यापीठात एक वर्ष वास्तव्य झाल्याखेरीज खेळता येणार नाही आणि एकूण तीनच वर्षे खेळता येईल, असे ठरले. गंमत अशी की त्या वेळी मिशिगनच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता तोच फील्डिंग योस्ट. थोड्याच काळात मिशिगन त्या परिषदेतून बाहेर पडले आणि १९१७ मध्ये परतले.

६/
१९०६ मध्येच महाविद्यालयीन खेळांच्या देशव्यापी संघटनेची स्थापना झाली. १९१० पासून ती एनसीएए या नावाने ओळखली जाते. एक वर्ष थांबण्याचे तत्त्व पुढे स्थलांतराच्या नियमांतही मुरले. बास्केटबॉलमध्ये चार वर्षांचे एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला सर्वसाधारणपणे एक संपूर्ण हंगाम सामन्यांविना काढावा लागे. सराव करावा, वर्गात बसावे, पण सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत बाकावर बसावे. समर्थक म्हणत, नव्या ठिकाणी अभ्यासाची घडी बसावी म्हणून हा अवधी. टीकाकार म्हणत, ही जाणाऱ्याला दिलेली शिक्षा. प्रशिक्षक मात्र एक नोकरी सोडून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे रुजू होऊ शकत.

७/
या भिंतीला एक बाजूचे दार होते: ज्युनिअर कॉलेज. महाराष्ट्रात हा शब्द अकरावी-बारावीसाठी रूढ आहे. अमेरिकेत त्याचा अर्थ शालान्त शिक्षणानंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय. इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेली अशी संस्था आजही चालू आहे. शुल्क कमी, प्रवेश सुलभ. तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून चार वर्षांच्या विद्यापीठात येणाऱ्या खेळाडूला हंगामभर थांबावे लागत नसे. तो आला की खेळू शके, मात्र त्याच्या हाती उरत दोनच वर्षे. १९४९ पासून कॅन्ससमधील हचिन्सन गावात या महाविद्यालयांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरत आली आहे.

८/
या दाराने येणाऱ्यांकडे प्रतिष्ठित विद्यापीठे संशयाने पाहत. 'जुको' हा त्यांच्यासाठीचा संक्षिप्त शब्द अनेकदा हिणवण्याच्या सुरात उच्चारला जाई. परंतु तेथे पोहोचण्याची कारणे भिन्न असत. कोणाचे गुण कमी पडलेले, कोणाकडे पैसा नाही, कोणाची उंची उशिरा वाढलेली, कोणाच्या गावी शोधपथकांचे पाऊलच न पडलेले. म्हणजे 'बाहेरचा गार्ड घ्यावा का' या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता: अठराव्या वर्षी जो कोणाच्या नजरेत भरला नाही, त्याला विसाव्या वर्षी पुन्हा पारखावे काय?

९/
आता इंडियानाकडे. या राज्यात बास्केटबॉल हे जवळजवळ लोकदैवत. लहान गावांतील शाळांची क्रीडागारे गावाच्या लोकसंख्येच्या मानाने थक्क करतील एवढी मोठी. १९५४ मध्ये मायलन या चिमुकल्या गावाच्या शाळेने राज्यविजेतेपद पटकावले. त्या घटनेवरून स्फुरलेला 'हूझियर्स' हा चित्रपट १९८६ मध्ये प्रदर्शित झाला. राज्याच्या विद्यापीठाचा संघ म्हणजे या साऱ्या शाळांचा कळस, अशी लोकभावना होती. आपल्या मातीतली मुले निवडावी आणि चार वर्षे त्यांना घडवावे, हा त्या भावनेचा अर्थ.

१०/
१९७१ मध्ये बॉब नाइट तेथे प्रशिक्षक म्हणून आले. शिस्त कठोर, स्वभाव अतितापट, खेळाची समज असाधारण. १९७६ मध्ये त्यांच्या संघाने ३२ पैकी ३२ सामने जिंकून विजेतेपद मिळवले. १९८१ मध्ये पुन्हा विजेतेपद. त्यांची आक्रमणपद्धती ठरीव चालींवर आधारलेली नव्हती. पाचही जणांनी प्रतिस्पर्ध्याची हालचाल वाचून, सतत फिरत राहून जागा निर्माण करायची. पाठांतराने न येणारी, सहवासाने मुरणारी ही पद्धत. तिला वेळ लागे. दोन वर्षांसाठी येणारा खेळाडू त्यातले एक वर्ष शिकण्यातच घालवणार, ही शंका म्हणूनच निराधार नव्हती. नाइट यांनी दीर्घ काळ द्विवर्षीय महाविद्यालयांकडे जवळजवळ पाठच फिरवली होती.

११/
खेळाडू येतात तसे जातातही, हे नाइट यांना ठाऊक होते. १९७४ मध्ये फ्रेंच लिक गावचा एक उंच, अबोल मुलगा इंडियाना विद्यापीठात दाखल झाला आणि महिना भरण्याच्या आतच घरी निघून गेला. हजारो विद्यार्थ्यांचा तो परिसर त्याला मानवला नाही. पुढे त्याने इंडियाना स्टेट या तुलनेने लहान विद्यापीठात प्रवेश घेतला, नियमाप्रमाणे एक हंगाम बाहेर काढला आणि १९७९ मध्ये त्या संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले. त्याचे नाव लॅरी बर्ड. 'स्थलांतर करणारा तो अस्थिर' असे समीकरण मांडणाऱ्यांना हे एक उदाहरणच पुरेसे उत्तर आहे.

१२/
१९८४ च्या उन्हाळ्यात नाइट यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले. मायकेल जॉर्डनसमवेत आल्फर्डही त्या संघात होता. पण त्यापाठोपाठचा महाविद्यालयीन हंगाम कोसळला. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात पंचांवर संतापलेल्या नाइट यांनी प्लॅस्टिकची खुर्ची मैदानावर भिरकावली. ते दृश्य देशभर दूरचित्रवाणीवर दिसले. हंगामाअखेर हिशेब होता १९ विजय, १४ पराभव. राष्ट्रीय विजेतेपदाच्या मुख्य स्पर्धेत संघाला स्थानच मिळाले नाही. जुने सूत्र कोठेतरी चुकत होते.

१३/
याच पार्श्वभूमीवर इंडियानाने धोरण बदलले आणि द्विवर्षीय महाविद्यालयांचे दार ठोठावले. विरोधाचा पक्ष दुबळा नव्हता. पहिला मुद्दा पद्धतीचा: दोन वर्षांत ही चाल अंगी मुरत नाही. दुसरा परंपरेचा: घडवणे हा विद्यापीठाचा धर्म, तयार माल आणणे हा व्यापार. तिसरा न्यायाचा: शिष्यवृत्त्या मोजक्याच. बाहेरचा एक आला की दोन वर्षे राबलेला, आपली पाळी येईल म्हणून थांबलेला एक मुलगा बाकावरच राहतो. आणि चौथा मुद्दा असा की एकदा हे दार उघडले की पुढच्या पराभवानंतर पुन्हा तेच दार आठवणार.

१४/
समर्थनाचा पक्षही तितकाच ठोस होता. वेगवान, चपळ, अंगाला अंग भिडवून खेळणाऱ्या संघांपुढे इंडियाना कमी पडत होते. आल्फर्ड अप्रतिम नेमबाज होता, पण प्रतिस्पर्धी त्याला घेरून ठेवत. दुसरीकडून बचाव फोडणारा कोणी नसेल, तर त्याची नेमबाजी अडकून पडणार. अठरा वर्षांचा नवखा मुलगा आणून त्याला तयार होईपर्यंत आल्फर्डची वर्षे संपणार. गरज नेमकी, मुदत ठरलेली. अशा वेळी वीस-एकवीस वर्षांचा, दोन हंगाम खेळून तावूनसुलाखून निघालेला गार्ड हा पळवाटेचा नव्हे, हिशेबाचा निर्णय ठरतो.

१५/
या वादात तिसरा पक्षही असतो आणि त्याचा आवाज क्वचितच ऐकू येतो. तो पक्ष स्वतः येणाऱ्या खेळाडूचा. कीथ स्मार्ट बॅटन रूजचा. शालेय जीवनात त्याला मोठ्या विद्यापीठांकडून बोलावणे आले नाही. कॅन्ससमधील गार्डन सिटी कम्युनिटी कॉलेजात तो खेळला आणि तेथे त्याच्या वेगाची, उडीची दखल घेतली गेली. बाकावरच्या मुलाला जसे न्यायाचे माप हवे, तसे ते यालाही हवे. एका शिष्यवृत्तीवर दोघांचे आयुष्य टांगलेले असते; संघाच्या गरजेची चर्चा करताना ही गोष्ट विसरली जाते.

१६/
पहिला प्रयोग १९८५-८६ मध्ये झाला. द्विवर्षीय महाविद्यालयातून आलेला आंद्रे हॅरिस हा त्या धोरणबदलाचा पहिला मोठा चेहरा. संघाने २१ सामने जिंकले, ८ गमावले. आदल्या वर्षापेक्षा सुधारणा निश्चितच झाली. पण राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत क्लीव्हलंड स्टेट या अनपेक्षित प्रतिस्पर्ध्याने इंडियानाला ८३-७९ असे हरवले. हॅरिस एकाच हंगामानंतर संघात उरला नाही. त्या संपूर्ण हंगामात पत्रकार जॉन फाइनस्टाइन संघासोबत वावरले आणि त्यावरचे त्यांचे 'अ सीझन ऑन द ब्रिंक' हे पुस्तक खूप गाजले.

१७/
येथे वाद मिटला असता तर आश्चर्य नव्हते. प्रयोग केला, फारसे हाती लागले नाही, जुन्या वाटेने परतावे, हा निष्कर्ष सोपा होता. परंतु एका खेळाडूच्या अनुभवावरून साऱ्या वाटेलाच दोष देणे तर्काला धरून नव्हते. १९८६ मध्ये आणखी दोघे आले: सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजातून सेंटर डीन गॅरेट आणि गार्डन सिटीहून गार्ड कीथ स्मार्ट. दोघांनीही पहिल्या पाचांत स्थान मिळवले. उरलेले तिघे म्हणजे आल्फर्ड, डॅरिल थॉमस आणि रिकी कॅलोवे. चार वर्षांच्या वाटेचे तीन, बाजूच्या दाराने आलेले दोन.

१८/
त्याच हंगामात खेळाचा एक नियमही बदलला. तीन गुणांची रेषा देशभरातील महाविद्यालयीन सामन्यांत प्रथमच लागू झाली. बास्केटपासूनचे अंतर १९ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे ६ मीटर. नाइट यांना हा नियम रुचला नव्हता, पण त्याचा सर्वाधिक लाभ आल्फर्डसारख्या नेमबाजालाच होणार होता. दुरून नेम साधणाऱ्याला रोखण्यासाठी बचावपटूंना पुढे यावे लागे. त्यामुळे मागे जी जागा मोकळी पडे, तीत शिरायला स्मार्टचा वेग तयार असे. दोघांचे गुण एकमेकांवर आदळणारे नव्हते, एकमेकांना पूरक होते.

१९/
राष्ट्रीय स्पर्धेत एलएसयू या संघावर इंडियानाने ७७-७६ असा निसटता विजय मिळवला. निर्णायक बास्केट कॅलोवेचे. एलएसयू म्हणजे स्मार्टच्या जन्मगावाचे, बॅटन रूजचे विद्यापीठ. उपान्त्य सामन्यात गाठ पडली नेवाडा-लास वेगासशी. त्या संघाने तोवर हंगामात ३७ सामने जिंकून एकच गमावला होता. त्याचे प्रशिक्षक जेरी टार्केनियन यांनी आपली कारकीर्दच द्विवर्षीय महाविद्यालयांत घडवली होती आणि तेथील खेळाडू ते उघडपणे, अभिमानाने घेत. त्यांचा प्रमुख खेळाडू आर्मन गिलियमही कॅन्ससच्या अशाच महाविद्यालयातून आलेला. इंडियाना ९७-९३ असे जिंकले. ज्या वाटेकडे बिचकत पाहिले गेले होते, ती दुसऱ्या कोणासाठी राजमार्गच होती.

२०/
अंतिम सामन्यात आल्फर्डने तीन गुणांचे १० प्रयत्न केले आणि ७ साधले; त्याचे एकूण गुण २३. मात्र अखेरच्या टप्प्यात सिरॅक्यूजने त्याची वाट रोखून धरली. नेमकी तीच अडचण, जिच्यासाठी दुसरा गार्ड हवा होता. इंडियानाच्या शेवटच्या १५ गुणांपैकी १२ एकट्या स्मार्टचे. २८ सेकंद उरली असताना सिरॅक्यूजच्या डेरिक कोलमनचा फ्री थ्रो हुकला आणि चेंडू इंडियानाला मिळाला. फरक एका गुणाचा. आल्फर्ड घेरलेला. स्मार्टने चेंडू थॉमसकडे दिला.

२१/
थॉमसपुढे कोलमन उभा होता. थॉमसने घाई केली नाही. घाईचा फटका मारण्याचा मोह टाळून त्याने चेंडू पुन्हा स्मार्टकडे दिला. स्मार्टने डाव्या बाजूने उडी घेतली आणि चेंडू जाळीतून गेला. ७४-७३. सिरॅक्यूजचा अखेरचा लांब पासही स्मार्टनेच अडवला. त्याचे गुण २१. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तरी या क्षणाकडे नीट पाहिले तर आणखी काही दिसते. चेंडू ज्या शांतपणे फिरला, ती शांतता थॉमसच्या चार वर्षांच्या तालमीतून आलेली होती. आणि स्मार्टला जागा मिळाली ती आल्फर्डची धास्ती सिरॅक्यूजने घेतली म्हणून.

२२/
विजयाने वादाचा निकाल लावला, असे मानण्याची प्रथा आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. पुढच्याच हंगामात स्मार्ट होता, गॅरेट होता, कॅलोवे होता. आल्फर्ड मात्र शिक्षण संपवून गेला होता. १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत गतविजेते इंडियाना पहिल्याच फेरीत रिचमंड विद्यापीठाकडून ७२-६९ असे पराभूत झाले. तोच बाहेरचा गार्ड, तेच मैदान, तेच प्रशिक्षक. एक वर्षापूर्वी जो हुकमी पत्ता वाटला, तो सोबतचे पत्ते बदलताच साधा झाला. स्मार्टचे कर्तृत्व यामुळे उणे होत नाही. पण त्याचे मोल संघाच्या रचनेशी बांधलेले होते, हे स्पष्ट होते.

२३/
आणखी दोन नावे लक्षात ठेवण्याजोगी. एलएसयूविरुद्ध संघाला तारणारा कॅलोवे १९८८ नंतर इंडियाना सोडून कॅन्सस विद्यापीठात गेला. दार एका दिशेने उघडत नाही. दुसरे नाव जो हिलमनचे. १९८४ मध्ये आलेला हा गार्ड १९८७ च्या विजयी संघात मुख्यतः राखीव होता. तो थांबला. १९८९ मध्ये इंडियानाने बिग टेनचे विजेतेपद मिळवले तेव्हा हिलमन संघाचा ज्येष्ठ आधार होता. बाहेरून कोणी आला की थांबलेल्याचे सारे संपते असे नाही. पण थांबण्याचे मोल त्याला स्वतःच्या वर्षांनी चुकवावे लागते.

२४/
त्यानंतरच्या दशकांत भिंत हळूहळू ढासळली. ऑक्टोबर २०१८ मध्ये एनसीएएने 'ट्रान्सफर पोर्टल' ही नोंदप्रणाली सुरू केली. तीत खेळाडूने नाव नोंदवले की इतर विद्यापीठे त्याच्याशी थेट संपर्क करू शकतात. एप्रिल २०२१ मध्ये बास्केटबॉलसह सर्व खेळांत एकदा स्थलांतर करून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि प्रतिमेच्या व्यावसायिक वापरातून कमाई करता येऊ लागली. जो विद्यार्थी दुसरीकडे जाताना एक वर्ष गमावत असे, तो आता मोबदल्याची बोलणी करून जाऊ लागला.

२५/
आणि मग चक्र जेथून सुरू झाले होते तेथेच परतले. २०२३ मध्ये रेक्वान बॅटल हा गार्ड वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात आला; होय, योस्टच्याच विद्यापीठात. त्यापूर्वी तो वॉशिंग्टन आणि मॉन्टॅना स्टेट येथे खेळला होता. हे दुसरे स्थलांतर असल्यामुळे एनसीएएने त्याला खेळण्याची परवानगी नाकारली. अनेक राज्यांनी या नियमाविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला आणि १३ डिसेंबर २०२३ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील न्यायाधीशांनी नियमाला स्थगिती दिली. बॅटल मैदानात उतरला. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांसाठी स्थलांतरांच्या संख्येवरील निर्बंधच काढून टाकला.

२६/
बॅटलने हक्क मिळवला. संघाला मात्र विजय मिळाले नाहीत. त्या हंगामात वेस्ट व्हर्जिनियाने ९ सामने जिंकले, २३ गमावले. हंगामापूर्वीच प्रशिक्षक बदललेला, संघ विस्कटलेला. एकट्या गार्डाने ते सावरणे शक्य नव्हते. खेळाडूला जाण्याचे स्वातंत्र्य असावे काय, हा एक प्रश्न. संघाने त्याला घ्यावे काय, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसऱ्याचेही 'होय' येत नाही. १९८७ आणि २०२४ एकत्र ठेवून पाहिले की हा भेद उमजतो.

२७/
आज दर वसंत ऋतूत अमेरिकेतील प्रत्येक महाविद्यालयीन संघ हाच वाद घालतो. इंडियानाच्या अनुभवातून तीन कसोट्या हाती लागतात. पहिली: उणीव नेमकी कोणती? १९८६ मध्ये उत्तर ठरलेले होते, म्हणून निवड अचूक झाली. दुसरी: आलेल्याचे गुण घरच्यांच्या गुणांना पूरक आहेत काय, की दोघांनाही चेंडू एकाच जागी हवा? तिसरी: जो थांबला आहे त्याला खरे सांगितले जाते काय? पहिल्या दोन कसोट्यांनी सामने जिंकता येतात. तिसरी पाळली नाही तर पुढच्या वर्षी बाहेरचा गार्ड पुन्हा शोधावा लागतो, कारण घरचा निघून गेलेला असतो.

२८/
नाइट २००० पर्यंत इंडियानात होते. १९८७ नंतर त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही. स्मार्ट पुढे एनबीएमध्ये प्रशिक्षक झाला. सॅक्रामेंटो किंग्ज या संघाची मालकी २०१३ मध्ये मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाकडे आली आणि त्यानंतर लगेचच प्रशिक्षकपदावरून स्मार्टला दूर करण्यात आले. तेथेही तो बदलता आलेला माणूस ठरला. पण ब्लूमिंग्टनमध्ये तसे झाले नाही. दोनच हंगाम खेळलेल्या, लुइझियानातून कॅन्ससमार्गे आलेल्या त्या गार्डाचे नाव तेथे चार वर्षे खेळलेल्या अनेकांआधी घेतले जाते. त्याला परका म्हणणारे आज तेथे कोणी सापडणार नाही.